लेकीला गारव्याला सोडायला गेले: शहाड ते ओतूर

मागच्या मे महिन्यात आमच्या आरूला तापात आकडी आली. डोळे वर गेले, दात घट्ट बसले. मी तिला उचलून अनवाणीच रिक्षाकडे पळालेले. डॉक्टर म्हणाले, ताप चढू देऊ नका, पोरीला गार ठेवा. आता शहाडला आमची पत्र्याची खोली. पंखा लावला तर तो गरम हवाच खाली ढकलतो. गार कुठून ठेवणार?

यंदा होळी झाली आणि पत्रा परत तापायला लागला. माझी झोपच उडाली. मिस्टरांना म्हटलं, आरूला पाऊस पडेपर्यंत माझ्या आईकडे ठेवते. माहेर ओतूरच्या अलीकडे, माळशेज घाटाच्या वर. लहानपणी आम्ही तिथे मे महिन्यात पण गोधडी घेऊन झोपायचो. त्या गोधडीच्या भरवशावर निघाले.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "ये की. येताना जुन्या साड्या आण, मिळतील तेवढ्या."

"वहिनीला?"

"टोमॅटोला."

उन्हाने टोमॅटो भाजतो, सालीवर पांढरा चट्टा पडतो, मग व्यापारी हात लावत नाही. म्हणून वावरावर साड्या बांधून सावली करायची. मिस्टर ठाण्याला कोलशेतमध्ये एका मोठ्या सोसायटीत सफाईला आहेत. तिथल्या मॅडम लोकांकडून त्यांनी दोन गाठोडी जमवली.

कोणाला जायचं असेल तर सांगते. कल्याणवरून माळशेजमार्गे जाणारी एसटी शहाडला पण मिळते, पण भरून येते. बसायला पाहिजे तर सरळ कल्याण डेपोला जा. मी तेच केलं. सकाळची पहिली गाडी धरा, नंतर खिडकीचा पत्रा पण चटके देतो. बायकांना अर्धं तिकीट आहे, आरूचं लागलं नाही. कंडक्टर गाठोड्यांकडे बघून म्हणाला, "ताई, लग्नाला चाललाय का दुकान टाकायला?"

"टोमॅटोला नेसवायला," मी म्हटलं. सगळी गाडी हसली. मागच्या सीटवरचे एक बाबा मात्र म्हणाले, "हसू नका रे. माझ्या वावरात पण बांधल्यात."

मुरबाडपर्यंत रस्ता चांगला आहे. सरळगावला गाडी थांबली तेव्हा आम्ही वडापाव खाल्ला. घाटाआधी लहान पोरांना जास्त खायला देऊ नका, वळणं खूप आहेत. आरूच्या हातात मी लिंबू दिलेलं, वास घ्यायला. पावसाळ्यात लोकं या घाटात भिजायला येतात, आत्ता सगळा काळा कोरडा दगड. मी खिडकीतून हात बाहेर काढून बघत होते, वर गेल्यावर वारा गार लागतो का. लागला नाही. म्हटलं, ऊन चढलंय, संध्याकाळी लागेल. वर धरणाचं पाणी पार आत गेलेलं, काठाची माती भेगाळलेली.

दादा फाट्यावर गाडी घेऊन आलेला. घरी आईने आरूला बघून आधी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. ज्वारीची भाकरी आणि कच्च्या टोमॅटोची शेंगदाणे घालून चटणी. आरूने पण खाल्ली, शहाडला ती जेवतच नव्हती. मला बरं वाटलं.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. एवढंच सांगते, गोधडी कोणी बाहेर काढलीच नाही.

सकाळी उजाडताच साड्या बांधायला गेलो. वहिनीने गाठोडं सोडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, ह्या तर पार्टीच्या! ही जाड, ही चमकीची, ही काळी. आत भट्टी होईल. मला विरलेल्या पाहिजेत, पातळ."

"तिथल्या बायका साड्या नेसतच नाहीत, तर विरणार कुठून?" मी म्हटलं.

वहिनी हसली. काळी चमकीची साडी दादाच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "घ्या, तुम्हीच नेसा आणि बाजार समितीत जा. भाव तरी मिळेल." दादा म्हणाला, "मागच्या महिन्यात गारा पडल्या तेव्हाच नेसायला पाहिजे होती." मोबाईलवर पाऊस दाखवतात तेव्हा पडत नाही, आणि नाही दाखवत तेव्हा गारा पडतात, असं त्याचं म्हणणं.

दोन गाठोड्यांतून पाच-सहाच साड्या कामाच्या निघाल्या. त्या बांबूला बांधता बांधता मी वहिनीला म्हटलं, झाडं तर मस्त हिरवीगार आहेत. तिने एका झुपक्याला नुसतं बोट लावलं. पिवळी फुलं तिच्या तळहातावर गळून पडली. खाली जमिनीवर पण तसाच सडा.

"रात्री गार पडलं तर फूल धरतं, ताई. नाहीतर असंच. झाड वाढतं, फळ नाही. हल्ली रात्रीच गार होत नाहीत."

मी म्हटलं, "अहो वहिनी, मी आरूला इथे ठेवायला आलेय. गार आहे म्हणून."

वहिनीने हातातलं साडीचं टोक सोडलं. मग हळूच म्हणाली, "राग मानू नका. मी ईश्वरीला तुमच्याबरोबर शहाडला पाठवणार होते. पिशवी भरून ठेवलीय."

ईश्वरी माझी भाची, पाच वर्षांची. पांढरी माशी वाढली, झाडाची पानं आकसतात, म्हणून फवारणी आता सारखी करावी लागते. घर वावराला लागूनच. मागच्या आठवड्यात फवारणीनंतर ईश्वरी उलट्या करत होती. वहिनी म्हणाली, "तुमच्याकडे दवाखाना दारात. रिक्षा हाक मारली की येते. इथे रात्री काही झालं तर मी कोणाला हाक मारू?"

मी तिला आमच्या पत्र्याचं सांगितलं. ती म्हणाली, "पत्रा तरी औषध मारत नाही."

घरी आल्यावर आई म्हणाली, "काय बी होत नाय. ठेव पोरीला हितं. तुला न्हाय वाढवली मी?"

"आई, तेव्हा गोधडी लागायची गं," मी म्हटलं. आई तोंड फिरवून भाकरी थापायला लागली. दादा बाहेर फवारणीचा पंप धुवत होता, त्याचा वास घरात येत होता. मी आरूचे कपडे परत पिशवीत भरले. दाराआड वहिनीची पिशवी होती, ती पण उचलली. वहिनी फाट्यापर्यंत आली आणि गाडी सुटेपर्यंत ईश्वरीला एकच सांगत होती, आत्याचं ऐकायचं, पाणी प्यायचं. माझ्याकडे बघत नव्हती.

येताना घाटात दोघी माझ्या मांडीवर झोपलेल्या. खाली उतरतोय तसा गाडीचा पत्रा तापत चाललेला. मला वाटत होतं, गाडी वळवायला सांगावी. पण कुठे वळवणार?

मिस्टर दारात उभे होते. म्हणाले, "अगं, एक सोडून यायची होती ना?"

आता पंधरवडा झाला. साड्यांखालच्या टोमॅटोला चट्टे कमी पडले, पण फुलं अजून गळतात, असं दादा सांगतो. वहिनी सकाळ-संध्याकाळ फोन करते. ईश्वरीच्या उलट्या थांबल्यात. ते सांगितलं तरी ती परत परत तेच विचारते. मी पण फोन कापत नाही.

उन्हाळ्यात पोरांना गावी पाठवायचा विचार असेल तर आपल्या लहानपणावर जाऊ नका. तिथल्या बाईला फोन करा आणि विचारा, रात्री कशी असते हवा. आधी विचारलं असतं तर मी गेलेच नसते. आणि मग ईश्वरी तिथेच राहिली असती, हे पण मनात येतं.

दुपारी दोघींना ओल्या फडक्याने पुसून जमिनीवर झोपवते आणि कपाळाला हात लावून बघते. माझाच हात एवढा तापलेला असतो की काही कळत नाही.