माझ्या संख्येला कुणाचा भाग गेला?

सगळी नोकरी डिचोलीच्या शाळेत झाली, तीही दुसऱ्यांनी शोधलेलं गणित शिकवण्यात. निवृत्त झाल्यावर एकच हौस उरली: जगात कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी एकदा तरी मला आधी कळावं. म्हणून मयेच्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत संगणक बसवला आणि मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या हौशी मंडळींत शिरले.

माझ्या वाट्याची संख्या म्हणजे दोनाला दोनानेच गुणत सुटायचं आणि शेवटी एक वजा करायचा. कोट्यवधी अंक! एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाही भाग जाऊ नये, एवढंच माझं मागणं. तपासायची रीत सोपी. चारापासून सुरुवात: वर्ग करा, दोन वजा करा, माझ्या संख्येनं भागा, बाकी घ्या, तिचा पुन्हा वर्ग. अगदी शेवटची बाकी शून्य आली की मी जिंकले. पण यंत्राला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि त्यात आमच्याकडची वीज! दिवा लुकलुकला की माझा जीव टांगणीला.

नवरा मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर ट्रक चालवून आता घरी बसलेला. त्याला माझी तगमग बघवेना. मला न सांगता देवळात प्रसाद घेऊन आला. म्हणजे कौलच: देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ‘ह्या लेकराच्या आकड्याक कोणाचो भाग जाव नये असा कर, म्हाराजा!’ जमलेले म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ आणि पडली की उजवी. झालं! दुसऱ्या दिवशी पाव घेऊन आलेला पोदेर दारातच विचारतो, “बाई, पेडे केन्ना?”

नवऱ्याला असं फैलावर घेतलं! लग्नाला प्रसाद घ्या, विहिरीला घ्या, संख्येला कसला प्रसाद? पण खरं सांगते, आतून फार बरं वाटलं होतं.

एका दुपारी निकाल आला. बाकी शून्य नव्हती. मूळ नाही! मी तिथंच रडायला लागले.

“कोणाचो भाग गेलो?” नवऱ्यानं विचारलं.

“ते कळत नाही. जातो एवढं नक्की. कुणाचा, ते ही रीत सांगत नाही.”

“वा गो! चोर नाय, मुद्देमाल नाय, आणि चोरी झाली? देवान उजवी दिल्यान आणि तुझा मशीन नाय म्हणता?”

“देवाला मध्ये आणू नका! बाकी उरलीय म्हणजे चोरी झालीय. कळलं?”

तो आत गेला, चहा करून आला.

“ही मूळ नाय, ह्या आदी कोणाक म्हायत होता?”

“कुणालाच नाही.”

“जगात?”

“जगात.”

“मगे पयला कोणाक कळला?”

एवढा जन्म पोरांना तर्क शिकवण्यात गेला आणि हे मला सुचू नये याचा असा संताप आला, की त्याच्या हातातला कप हिसकावूनच घेतला.

“माका,” म्हटलं. “माका कळला!”