थोरली पाती कुणाची?

माणूस ही उत्क्रांतीच्या शिडीची शेवटची पायरी आहे, असं आमच्या काकांनी गेल्या गणेशोत्सवात व्याख्यान देऊन जाहीर करायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी माळव्यातल्या आमच्या देवासमध्येच एक लांबलचक फ्लेक्स छापून घेतला. आधी माकड, मग वाकलेला माकडमाणूस, मग भाला घेतलेला आदिमानव, आणि टोकाला ताठ उभे, पगडी घातलेले आमचे पणजोबा, संस्थानचे कारभारी.

मला शुद्धलेखन तपासायला बोलावलं होतं. शुद्धलेखन ठीक होतं. मला संशय पणजोबांचा आला.

"काका, ही शिडी नाही, झाड आहे. आजचं माकड आपला पूर्वज नव्हे. एकाच घराण्याच्या दोन पात्या म्हणा, देवासच्या गाद्यांसारख्या."

देवासला एकाच घराण्याच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरलीची चाकरी आमच्या घरात अजून मिरवतात. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं,

"मग थोरली पाती कुणाची? आपली की माकडाची?"

"कुणाचीच नाही."

"असं कसं? कुणीतरी थोरलं असतंच. तू हल्ली धाकट्या पातीवाल्यांत बसतोस वाटतं!"

पणजोबांना रांगेतून काढणं म्हणजे घराण्याचा अपमान, म्हणून फ्लेक्स तसाच राहिला. व्याख्यानाच्या दिवशी फ्लेक्सवाला तो टांगायला आला.

"भिया, दीवार छोटी है," असं म्हणून त्याने जास्तीचं टोक मागे दुमडलं आणि खिळे ठोकले.

काका तासभर बोलले. त्यांच्या मागे रांग भालेवाल्याशी संपत होती.