सरप्लस, एक्सेस आणि एक्स्ट्रा

शेजारच्या फ्लॅटमधून नव्या इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास आला, की माझं मन थेट नांदे गावात पोचतं. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी तिथं एका शेतकरी कुटुंबाच्या खोलीत भाड्यानं राहत होते. घरमालकांची सून माझ्याच वयाची, हसरी, जरा धसमुसळी. एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकघरावर देखरेखीला बाई हवी आहे, हे तिच्या कानावर आलं आणि संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. "ताई, मुलाखत इंग्रजीत हाय म्हणं. शिकवता का?" सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "घरात काय कमी हाय?" असं त्या आतून ऐकवायच्या.

पण काय ते दिवस होते! चुलीवरच्या पातेल्याशेजारी बसून आम्ही शब्द घोटायचो. एकदा 'जास्त'पाशी अडलो. एवढ्याशा गोष्टीला इंग्रजीत इतके शब्द कशाला, म्हणून ती वैतागली. मलाही धड सांगता येईना. मग पातेल्याकडे बघता बघता सुचत गेलं. पाहुणा येईल म्हणून वर घातलेली मूठ, ती एक्स्ट्रा. सगळ्यांची पोटं भरून मागं राहिला, तो भात सरप्लस. प्रमाणाबाहेर पडून भाताचा लगदा करतं, ते पाणी एक्सेस. "आन् सुपरफ्लुअस?" मी म्हटलं, ज्याची गरजच नाही ते. "म्हंजी आत्याबाईंच्या सूचना!" सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पदर दाबून ती इतकी हसली, की मलाही आवरेना.

मुलाखतीहून ती अक्षरशः धावत आली. "घेतलं, ताई! सध्या एक्स्ट्रा म्हणून." सासूबाईंनी लगेच विचारलंच, "एक्स्ट्रा म्हंजी फालतूच ना?"

"न्हाई, आत्याबाई," ती ताठ उभी राहून म्हणाली. "मानसं वाढणार म्हणून आदीच धरून ठेवलेली मूठ. मी लागणार हाय त्यास्नी."

सासूबाईंनी फळीवरचा डबा खाली काढला. मग म्हणाल्या, "डब्याला काय देऊ उद्या?"

आज कँटीनचं ते सगळं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली आहे. त्यांच्या घराच्या जागी उंच इमारत झाली. माझी खोली कुठं होती, ते तिथं उभं राहूनही सांगता येत नाही. पण पहिल्या सकाळी साडीची पिन पुन्हा पुन्हा चाचपत कंपनीच्या बसकडे निघालेली ती मला इतक्या वर्षांनंतरही लख्ख दिसते.