डावीकडची खुर्ची

माझी धाकटी बहीण रोंडा एका जागी पाच मिनिटं बसली असेल तर शपथ. जेवतानाही तिचा एक पाय टेबलाबाहेर असतो, उठून जायच्या तयारीत. अशा बाईनं पोटासाठी निवडलं काय, तर मालगाडीच्या इंजिनात दहा-दहा तास बसून राहायचं काम! आमच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. "महिनाभर टिकलीस तर मी केस हिरवे रंगवीन," असं ती म्हणाली होती. रोंडा चांगली पंचवीसेक वर्षं टिकली. आईनं केस काही रंगवले नाहीत.

रोंडाचा हुद्दा कंडक्टर. तिकिटं फाडतेस का, असं कुणी विचारलं की ती भडकते, कारण मालगाडीत प्रवासी नसतातच. इंजिनात उजवीकडे ड्रायव्हर बसतो, डावीकडे कंडक्टर. कुठल्या वाघिणीत काय घातक माल भरलाय हे तिला ठाऊक असावं लागतं. गाडी मध्येच अडली तर खाली उतरून, खडीतून मैल-दीड मैल चालत जाऊन बिघाड शोधायचा तोही तिनंच, कारण ड्रायव्हरला इंजिन सोडता येत नाही. शिवाय एक जुना नियम आहे. समोर सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं तो परत म्हणायचा. "हिरवा." "हिरवा." दिवसभर हेच. ही सवय रोंडाच्या अंगात इतकी मुरली आहे की माझ्या मोटारीत बसली तरी ती चौकातला दिवा ओरडून सांगते, आणि मी उत्तर दिलं नाही की माझ्याकडे डोळे वटारून बघते.

तिचा ड्रायव्हर डेल्मर श्रॉक. जाडजूड, सावकाश बोलणारा, बोलण्याआधी घसा साफ करणारा. बारा वर्षं दोघं एकाच इंजिनात होते. नवऱ्याशी तिचं इतकी वर्षं पटलं नव्हतं. डेल्मरची बायको जोलीन दोघांसाठी सँडविच बांधून द्यायची आणि रोंडाच्या सँडविचमध्ये लोणच्याच्या काकड्या जास्त घालायची.

मग ते कोर्टाचं झेंगट सुरू झालं. इंजिनात आता यंत्रं आली आहेत, एक माणूस पुरे, असं कंपन्या म्हणायला लागल्या. म्हणजे त्यांना डावीकडची खुर्चीच नको होती. आमच्या राज्यानं कायदा केला की मालगाडीत दोन माणसं हवीतच. कंपन्या तडक केंद्राच्या कोर्टात गेल्या. रेल्वे साऱ्या देशाची आहे, तिच्यात राज्यांनी नाक खुपसायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात वॉशिंग्टनच्या रेल्वे खात्यानं जाहीर केलं की किती माणसं हवीत असा नियम आम्ही करणार नाही आणि राज्यांनीही करायचा नाही. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही, असल्या माणसांचा मला पहिल्यापासून संताप येतो.

रोंडाची झोप उडाली. सुट्टीच्या दिवशी ती माझ्या वजनकाट्यावर येऊन येरझारा घालायची. मी गावच्या धान्य कोठारावर मक्याचे ट्रक तोलते. आमचा काटा रुळांना लागून, फाटकाच्या अगदी शेजारी आहे.

"मार्लीस, पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार गं?"

"माझ्याकडे ये. ट्रक तोल."

"बसून?"

"मग काय नाचून?"

"मरेन मी," ती म्हणाली आणि परत खिडकीशी गेली. तिला गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि तिला दुसरं काही नकोही होतं. तेवढी एक खुर्ची राहावी, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या वसंतात तिच्या युनियनच्या वकिलानं तिला कोर्टातले कागद दाखवले. कंपनीच्या बाजूनं काही ड्रायव्हरांनी निवेदनं दिली होती. त्यांत डेल्मरचंही होतं. कंडक्टरवाचून माझं आजवर काही अडलेलं नाही, असं त्यात म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनात चढल्या चढल्या तिनं विचारलं, "हे तू लिहिलंस?"

डेल्मरनं घसा साफ केला. "त्यांनी लिहिलं. मी सही केली."

"वा रे वा! म्हणजे हात तेवढा तुझा."

"ऐक ना. मला दिवसपाळी देतायत. रोज रात्री घरी. जोलीननं सगळा जन्म एकटीनं जेवून काढलाय, रोंडा."

"आणि मी कुणाबरोबर जेवते रे? माझी खुर्ची विक आणि बायकोबरोबर जेव!"

त्यांच्यात पडून समजूत घालणारंही कुणी नव्हतं, कारण ड्रायव्हरांची युनियन वेगळी, कंडक्टरांची वेगळी, आणि दोन्हींचं आपसात विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी असते तर त्याच्या कॉफीत मीठ कालवलं असतं. रोंडानं सँडविच घेणं बंद केलं आणि अबोला धरला. पण इंजिनात पूर्ण अबोला धरता येत नाही, सिग्नल म्हणावाच लागतो. मग दिवसच्या दिवस दोघं एकमेकांशी रंगांपलीकडे एक शब्द बोलत नव्हते. "हिरवा." "हिरवा." तेही पुढच्या काचेकडे बघून.

एप्रिलमधली दुपार होती. आठवडाभराच्या पावसानं शेतांचा नुसता राडा झाला होता. रोंडा "पिवळा" म्हणाली. उत्तर आलं नाही. तिला वाटलं, घ्या, आता सिग्नललाही अबोला!

"पिवळा!" ती खेकसली. "तोंड शिवलंय का तुझं?"

तेवढ्यात भोंगा वाजायला लागला. ड्रायव्हर शुद्धीवर आहे ना हे बघायला यंत्र अधूनमधून तो वाजवतं. बटण दाबलं की गप्प होतं, नाही दाबलं की स्वतःच गाडी थांबवतं. डेल्मरनं बटण दाबलं नाही. रोंडानं वळून पाहिलं तर तो खिडकीवर कलंडला होता, चेहरा पांढराफटक, श्वास घरघरत होता.

नियमानं तिनं फक्त गाडी थांबवायला हवी होती. तिनं बाहेर पाहिलं. दोन्हीकडे गुडघाभर चिखल, रस्त्याचा पत्ता नाही. इथे थांबलो तर अँब्युलन्स येणार कुठून? आमच्या गावचं फाटक तिथून दोन मैलांवर होतं. तिनं बटण दाबलं, डेल्मरला मागे रेलवलं, त्याच्या अंगावरून हात घालून ब्रेकचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं रेडिओवर ओरडून अँब्युलन्स फाटकावर बोलावली. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे नव्हता. बारा वर्षं शेजारी बसून जेवढं पाहिलं होतं, तेवढंच तिला येत होतं.

मी काट्यावरून बघत होते. फाटक पडलं, घंटा सुरू झाली, आणि जी गाडी आमच्या गावाकडे ढुंकून बघत नाही ती हळू होत होत रस्त्याच्या अलीकडे थांबली. अँब्युलन्स थेट इंजिनाच्या शिडीपाशी गेली. एवढ्या जाडजूड माणसाला त्या अरुंद दारातून खाली आणताना चौघांचा घाम निघाला. रोंडा दारात उभी होती. मी धावत गेले तर ती मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "मी त्याला तोंड शिवलंय का म्हणाले गं. तोंड शिवलंय का म्हणाले."

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. डेल्मर वाचला. कंपनीनं रोंडाची चौकशी लावली.

चौकशीचा साहेब सभ्य होता, असं रोंडा सांगते. मला तसली सभ्य माणसं जास्त खुपतात. त्यानं विचारलं, "यंत्रानं गाडी सुखरूप थांबवली असती की नाही?"

"थांबवली असती."

"मग तुम्ही हात का लावलात?"

"गाडी वाचली असती, साहेब. डेल्मर वाचला नसता."

"आजची चौकशी गाडीपुरती आहे," तो म्हणाला, आणि तिला महिनाभर घरी बसवलं.

तो महिना आम्हा दोघींना कसा गेला, विचारू नका. तिनं माझी तळघराची फडताळं दोनदा रंगवली. फोन वाजला की कोर्टाचाच असणार म्हणून ब्रश टाकून धावायची. युनियनचा वकील मात्र खुशीत होता. डेल्मरनं अंथरुणावरूनच आपलं पहिलं निवेदन मागे घेतलं होतं आणि त्या दुपारची हकीकत सांगून नवं दिलं होतं. "याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही," असं तो वकील म्हणायचा. रोंडाला आशा वाटायला लागली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू?

निकालाच्या दिवशी आम्ही डेल्मरच्या स्वयंपाकघरात जमलो. डॉक्टरांनी त्याला गाडी कायमची बंद केली होती. रोज रात्री घरी जेवायला मिळत होतं, आणि घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. टेबलावर फोन ठेवला होता, वकिलाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"राज्याचा कायदा रद्द," तो म्हणाला. "सत्तरच्या दशकात इकडच्या रेल्वे बुडत होत्या, तेव्हा त्या सावरायला केंद्रानं एक कायदा केला होता. गाडीत किती माणसं हवीत हे या भागातल्या राज्यांनी ठरवायचं नाही, असं त्यात आहे. न्यायाधीशांनी तेवढ्यावरच निकाल दिला."

"माझी खुर्ची?" रोंडानं विचारलं. ती उभीच होती.

"युनियनचा करार आहे तोवर आहे. पुढच्या कराराचं मी सांगू शकत नाही."

"आणि डेल्मरचं निवेदन?"

"ते वाचायची वेळच आली नाही, रोंडा. दोन माणसं लागतात की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. ते ठरवायचा अधिकार कुणाचा, एवढाच होता."

रोंडानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. डेल्मरनं घसा साफ केला.

"म्हणजे मी त्या दिवशी मेलो असतो, तरी निकाल हाच लागला असता?"

वकील म्हणाला, "हो. हाच."

डेल्मरनं सही केल्यापासून जोलीनला रोंडाकडे बघायचा धीर झाला नव्हता. ती कॉफीचं भांडं घेऊन आली, आधी रोंडाचा कप भरला, मग डेल्मरचा, आणि फोनवर वाकली.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "या घरात निकाल वेगळा लागला असता."