लंकेच्या अलीकडे

देवीभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी दंडाकडे. वडगावच्या बाजारात एखादा मिशाळ गडी समोर आला की ते खुशाल त्याची बाही वर सारत आणि म्हणत, "तू गंगूचा थोरला. तुजी उजवी धरली, डावी धरलीच न्हाई. आयनं तुला कणगीत दडवलं व्हतं." गडी लाजून हसे. बाजारातले निम्मे लोक असे त्यांच्या हाताखालून गेलेले असत. तालुक्यात घरोघर जाऊन मुलांना देवीची लस टोचायला त्या वेळी एक सरकारी माणूस असे. आमच्या मावळात वीसेक वर्षं तो माणूस म्हणजे भाऊ. खरं नाव कचेरीच्या कागदावर होतं. लोक देवीभाऊच म्हणत.

मी तेव्हा लोणावळ्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. तळेगावात वाढलेला, मुंबईत शिकलेला, आणि दिवसातून एकदा तरी समोरच्याला हे कळावं अशी काळजी घेणारा. भाऊ लशीच्या नळ्या न्यायला माझ्याकडे येत. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून लहानशा मडक्यात ठेवत आणि ते मडकं कडेवर घेऊन चालू लागत. ठेंगणा, काटक माणूस. तोंडभर देवीचे खोल व्रण. लहानपणी त्यांना आणि धाकट्या बहिणीला एकाच आठवड्यात देवी आल्या होत्या. हे उठले, ती उठली नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही नळ्या मोजता मोजता.

गावात भाऊ आले की बाया पोरं लपवायच्या. भाऊ कुणाला हाक मारायचे नाहीत. अंगणात बसायचे, पाणी मागायचे, भाताचं काय, म्हशीचं काय, असं विचारत राहायचे. तास जायचा, दोन तास जायचे. शेवटी पोर स्वतःच कंटाळून बाहेर यायचं, किंवा आईच म्हणायची, "आता तुमी जेवूनच जावा, आन ह्याचं काय ते करून टाका." मी एकदा विचारलं, "भाऊ, सरकारी शिपाई बरोबर न्या की. दिवसात दहा गावं होतील." ते म्हणाले, "शिपायाबरूबर गेलो तर दंड गावंल साहेब, माणूस न्हाई गावायचा."

आणखी एक. टोचलेली लस धरली नाही, म्हणजे टोचल्या जागी फोड आला नाही, की ते तसं तोंडावर सांगत आणि लिहीत. एका बड्या पाटलाच्या नातवाची दोनदा धरली नाही. पाटील म्हणाले, "लिहून टाका धरली म्हणून, गावात बभ्रा नको." भाऊ तिसऱ्यांदा गेले, चौथ्यांदा गेले. पाटलांनी वर तक्रार केली, भाऊंना बोलणी बसली. "मी बघितलं न्हाई ते बघितलं कसं म्हनू?" एवढंच त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा माणूस थोडा हट्टी आणि बराचसा अडाणी वाटला होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. लोणावळ्याला बंगला असलेल्या एका शेठजींनी आमच्या भागातल्या डॉक्टरांना सिलोनला अभ्याससहलीला पाठवायचं ठरवलं. तिथली इस्पितळं, हिवतापाचं काम, महारोग्यांचा आश्रम, चहाच्या मळ्यांवरचे दवाखाने बघायचे. शिवाय कँडीचं देऊळ, बागा, हत्ती. आम्ही आठ डॉक्टर. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त सर्जन, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. चिटणीस मी. सगळं ठरल्यावर शेठजी म्हणाले, "डोंगरात पायी फिरणारा एक तरी माणूस न्या बरोबर." म्हणून नववे भाऊ.

भाऊंना झालेला आनंद मी विसरलेलो नाही. टाकव्यात, आपल्या गावी, घरोघर जाऊन ते सांगून आले. एका म्हातारीनं त्यांना म्हणे विचारलं, "भाऊ, रावनाच्या घरची मानसं अजून हाइत का रं तितं?" भाऊ हसत मला म्हणाले, "मी म्हनलं, बघून येतो, आन पोरांच्या देवी काढल्यात का त्येबी बघतो."

आम्ही दुसऱ्या वर्गानं निघालो. भाऊ तिसऱ्या वर्गात, आमच्या पेट्यांसह. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तिकिटं मी काढली होती.

मद्रासच्या पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत, सकाळी एका स्टेशनावर भाऊ आमच्या खिडकीशी आले. "साहेब, जरा येता? आमच्या डब्यात एक पोर हाय. मला देवी वाटत्यात."

मी गेलो. कोपऱ्यात एक तमिळ बाई तीन-चार वर्षांच्या मुलीला पदराखाली घेऊन बसली होती. तिचा नवरा सिलोनला चहाच्या मळ्यात मजूर होता, त्याच्याकडे ती निघाली होती. मुलीचं अंग तापलेलं. कपाळावर, हातांवर पुरळ. मी तळहात उलटा केला. तिथेही होतं. बोटानं दाबलं, तर कातडीखाली छऱ्यासारखा घट्ट दाणा लागला. कांजिण्यांचा फोड असा लागत नाही, आणि तळहातावर सहसा उठतही नाही. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

पुढे समुद्रकाठी एक छावणी होती. बोटीत चढण्याआधी सगळ्या उतारूंची तिथे तपासणी व्हायची. देवीचा रोगी म्हटला की सगळा डबा अडकणार. त्या डब्यात आमचा माणूस, आमच्या पेट्या. म्हणजे आम्हीही अडकणार, दोन आठवडे तरी. कोलंबोच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी आमचं स्वागत होतं आणि मंडळातर्फे इंग्रजीत बोलणार होतो मी. भाषण पाठ झालेलं होतं.

मी उठून म्हणालो, "कांजिण्या आहेत."

भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तळहाताला हाइत. बोटाखाली दाना लागतोय."

"भाऊ, डॉक्टर तुम्ही की मी?"

मी परत आमच्या डब्यात गेलो. रावसाहेबांनी विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "काही नाही. भाऊ गडबडले."

छावणीत उतारूंच्या लांब रांगा होत्या. आम्हां डॉक्टरांची वेगळी, लहान. तिथला डॉक्टर दमलेला होता. आमचे दाखले बघून त्यानं हसून सगळ्यांना सोडलं. तेवढ्यात भाऊ रांगेतून बाहेर पडले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्या बाईकडे बोट दाखवून, येत होते तेवढे शब्द गोळा करून म्हणाले, "साब, वो बच्ची. देवी. स्मालपाक्स."

त्या डॉक्टरनं मला विचारलं, "हे आपल्यापैकी? डॉक्टर आहेत?"

मी इंग्रजीत म्हणालो, "नाही. आमचं सामान वाहणारा माणूस आहे. मुलगी मी स्वतः तपासली आहे. कांजिण्या आहेत."

भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. पण 'सामान' दाखवायला मी पेट्यांकडे हात केला होता, तो त्यांनी बघितला.

माझ्या शब्दावर त्या डॉक्टरनं मुलीला वेगळं काढलं नाही. ताप होता म्हणून मायलेकींना बोट नाकारून बाकीच्या अडवलेल्या लोकांबरोबर एका मोठ्या शेडमध्ये ठेवलं, इतकंच. भाऊ मला म्हणाले, "मी हितंच ऱ्हातो साहेब. मला येऊन गेल्यात, मला काय व्हत न्हाई. त्या बाईला कोन हाय? आन शेडात बाकीची पोरं हाइत."

"बोट चुकेल तुमची."

"व्हय, चुकंल."

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आगबोट सुटली तेव्हा मी कठड्याशी उभा होतो आणि मनात कोलंबोच्या भाषणाची उजळणी चालली होती.

सहल उत्तम झाली. मच्छरदाण्यांच्या रांगा लावलेले स्वच्छ वॉर्ड बघितले, महारोग्यांच्या आश्रमात त्यांनी लावलेल्या बागा बघितल्या, कँडीच्या तळ्याकाठी छायाचित्र काढून घेतलं. नदीत डुंबणाऱ्या हत्तींना रावसाहेबांनी स्वतःच्या हातानं केळी घातली. मळ्यावरच्या एका दवाखान्यात तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "तुमच्या डोंगरात लोक लस टोचून घ्यायला तयार होतात?" मी सांगितलं, आम्ही शिपाई नेत नाही. अंगणात बसतो, पाणी मागतो, भाताचं विचारतो. सगळ्यांना ते फार आवडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. 'आम्ही' म्हणालो मी. त्या अंगणांपैकी एकाही अंगणात मी कधी बसलो नव्हतो.

दोन आठवड्यांनी परत आलो तेव्हा भाऊ छावणीच्या फाटकाशी उभे होते. अर्धे झाले होते. मुलीला तिसऱ्या दिवशी उघड उघड देवी भरल्या. त्याआधीच भाऊंनी मायलेकींना शेडबाहेर एका झाडाखाली नेलं होतं आणि पोरं तिकडे फिरकू नयेत म्हणून स्वतः मध्ये बसून राहिले होते. मग छावणीच्या डॉक्टरबरोबर अख्ख्या शेडला लस टोचली. मुलगी वाचली. एक डोळा गेला. शेडमधल्या आणखी कुणाला लागण झाली का, ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "साहेब, लंका कशी हाय त्ये जरा सांगा. गावात इचारतील." मी दोन-चार वाक्यं सांगितली आणि झोप आल्याचं निमित्त केलं. गावात त्यांनी मात्र माझी वाक्यं वापरली नाहीत. विचारणाऱ्याला सरळ सांगत, "लंका न्हाई पाह्यली. अलीकडं ऱ्हायलो."

मला अहवाल लिहायचा होता. भाऊ का राहिले, हे खरं लिहायचं तर देवीच्या टोचणीवाल्यानं ओळखलेला रोग चिटणीस डॉक्टरनं नाकारला, असं लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, 'आमच्या पथकातील एक साहाय्यक प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे पुढील प्रवास करू शकला नाही.' शेठजींनी अहवाल छापून वाटला. एक प्रत कचेरीत गेली. तिथे कुणीतरी ते वाक्य वाचलं, आणि ज्याला आगगाडीचा प्रवास झेपत नाही तो डोंगर कसा चढणार, असा रास्त विचार केला. पुढच्या वर्षी मुदतीच्या बऱ्याच आधी भाऊंना घरी बसवलं.

टोचणी आणि वह्या जमा करायला ते माझ्याकडेच आले. सगळं टेबलावर नीट मांडलं आणि म्हणाले, "साहेब, मला कसला आजार झालता तेवढं सांगा. घरी इचारत्यात."

मी म्हणालो, "कचेरीच्या लोकांचं काही खरं नसतं, भाऊ."

ते गेल्यावर मी कोरा कागद पुढे ओढला. माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं, हा माणूस धडधाकट आहे, एवढी दोन वाक्यं पुरली असती. एक रोगी आला, मी कागद बाजूला ठेवला. मग तो तिथेच राहिला, आणि एके दिवशी त्यावर मी कुणाच्या तरी खोकल्याचं औषध लिहून दिलं.

नवा टोचणारा वडगावात बसून वह्या भरायचा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आंदर मावळातल्या एका वाडीत देवी आल्या. दोन पोरं गेली. वहीत दोघांच्याही नावापुढे 'धरली' असं होतं.

भाऊ दम्यानं अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी टाकव्याला गेलो. आमची ती शेवटची भेट. दुपारची वेळ होती. वहिनींनी ताक आणून दिलं. भाऊ पडवीत भिंतीला टेकून बसले होते, श्वास लागत होता. मी वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती.

"भाऊ, त्या अहवालात मी तुमच्याबद्दल..."

"ठावं हाय. साळंच्या गुरुजींनी वाचून दावलं व्हतं. तवाच." त्यांनी थांबून दम घेतला. "त्येचं काय न्हाई साहेब. मला एकच इचारायचंय. लय वर्सं मनात हाय. त्या पोरीचा हात तुमी बगितला. तवा तुमाला ठावं व्हतं, का न्हवतं?"

मी यासाठीच तर आलो होतो. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे, सरळ. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"नाही, भाऊ," मी म्हणालो. "मला ओळखता आलं नाही. नवा होतो. चुकलो."

भाऊंचा चेहरा उजळला. मी हा शब्द विचार करून लिहितो आहे. कितीतरी दिवसांचं ओझं उतरावं तसे ते सैल झाले. वहिनींकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? साहेबांना न्हवतं कळलं. मी तुला काय म्हनत व्हतो आन काय निघालं." मग माझ्याकडे वळले आणि दम लागत असतानाही भिंत सोडून पुढे झाले, दोन्ही हात जोडले. "माफी करा साहेब. मी तुमच्याबद्दल लय वंगाळ मनात धरलं व्हतं."

मी ते जोडलेले हात माझ्या हातांत घेतले आणि म्हणालो, "असू द्या, भाऊ."