दोन दिवसांचा गहू

माझी शाळा चौथीत सुटली. मोबाइलवर लिहिणं माझं मीच शिकली, चुकत चुकत. बायकांचा वाळवणाचा एक ग्रुप आहे, पापड-कुरड्यांचा. तिथं कोणी काही विचारलं का पहिलं उत्तर माझं असे. ज्ञान वाटल्यानं वाढते म्हणतात. ते मले ठाऊक नाही. पण "काकू, तुम्ही होत्या म्हणून जमलं" असं कोणी लिहिलं का मले जेवण गोड लागे. घरात माझं ऐकते कोण?

मग पुण्याची एक बाई ग्रुपात आली. तिचं उत्तर माझ्या आधी, वरून चकचकीत फोटो. बाया तिलेच विचारू लागल्या.

ऐन मे महिन्यात आमच्याच शहरातल्या, लकडगंजातल्या एका नव्या सुनेनं विचारलं, कुरड्यांचा गहू किती दिवस भिजवू? सासूनं पहिल्यांदाच तिच्या हाती काम सोपवलं होतं, कुरड्या नणंदेच्या सासरी जायच्या होत्या. पुण्याची बाई म्हणाली, तीन दिवस, पाणी रोज बदला. तिच्या गावी असेल तसं. आमच्या उन्हात तिसऱ्या दिवशी गहू सडते. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं अन् दोन दिवसांत वाटून मोकळं व्हायचं. "थांब वं, दोनच दिवस," एवढं मी लिहिलं. मग न पाठवताच पुसून टाकलं. म्हटलं, सडू दे. पुण्याची अक्कल सगळ्यांले दिसू दे.

तीन दिवस मी घडीघडी मोबाइल पाहत होती. चौथ्या दिवशी फोटो आला, काळपट गहू अन् वर फेस. खाली तिनं लिहिलं होतं, सासूनं पातेलं अंगणात उलथलं, शेजारणींले बोलावून वास घ्यायले लावला, आईनं हेच शिकवलं का म्हणून विचारलं. काम मोठ्या जावेकडे गेलं.

मग मी लिहिलं, सगळं, नीट समजावून. माझ्या उत्तराखाली लाल बदामावर बदाम आले. मी खुशीत दुसऱ्यांदा चहा मांडला.

संध्याकाळी त्या सुनेचा मले एकटीले मेसेज आला.

"काकू, त्या दिवशी तुम्ही टाइप करून राहिल्या होत्या. मले दिसत होतं. मी किती वेळ थांबली."

मी लिहिलं, "नेट गेलं होतं वं बाई."

तिनं वाचलं. अन् ग्रुप सोडला. ती गेल्याच्या ओळीखाली कोणीतरी लिहिलं, काकू, तुमच्यासारखी सांगणारी माणसं आता राहिली नाहीत.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.