पाण्यामागची खोली

आई सहा महिन्यांसाठी जर्सी सिटीला आमच्याकडे आली होती, तेव्हा आम्ही तिला नायगरा दाखवायला नेलं. कठड्याला धरून ती वाकून वाकून बघत होती. मग म्हणाली, "याच्या आत जाता येतं का रे?"

"आत म्हणजे?"

"पाणी पुढं पडतंय आणि आपण मागं खोलीत. आपल्या किल्ल्यासारखं."

आमचं गाव नळदुर्ग. तिथला किल्ला सीमेवरचा. आज बहामनी, उद्या आदिलशाही, परवा मोगल. त्यामुळे सगळा कारभार लढाईचा. काळ्या दगडाचा तट, जाडजूड बुरूज, तोफा. पण त्यातच कुणा हौशी सुलतानानं बोरी नदीला बांध घातला आणि बांधाच्या पोटात एक महाल बसवला. धरण भरलं की नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत खिडकीशी उभं राहिलेलं माणूस कोरडं राहतं.

माझी लेक लगेच म्हणाली, "आजी, देअर इज अ टनेल! बट इट्स ऑन द कॅनडा साइड."

कॅनडा समोरच दिसत होता. पण तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो, आणि आई, मी, बायको, लेक अशा आम्हा चौघांत तो फक्त इथं जन्मलेल्या लेकीला लागत नव्हता.

"राहू दे मग," आई म्हणाली आणि बाकावर बसली. मी शेजारी बसलो, तेव्हा तिनं कधी न सांगितलेलं सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात घरचे सगळे पाणी महाल बघायला गेले होते. सासू, नणंदा पुढं निघून गेल्या आणि खिडकीशी ती आणि बाबा दोघंच राहिले. बाबा तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. पाण्याच्या आवाजात तिला एक शब्दही कळला नाही.

"मग नंतर विचारलं नाहीस?"

"कितीदा! हसायचे नुसते. म्हणायचे, परत तिथं गेलो की सांगतो." तिनं पदरानं चष्म्यावरचे तुषार पुसले. "गावातच तर आहे, जाऊ कधीतरी, असं म्हणत राहिलो बघ."

बाबांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही दोघं मग पाण्याकडे बघत बसलो. मला गावाची फार आठवण आली.

मागच्या डिसेंबरात, लेकीच्या सुटीत, आम्ही नळदुर्गला गेलो. आईचे गुडघे धरले होते, म्हणून ती बांधावरच बसली. मी लेकीला घेऊन खाली उतरलो. सांडवे कोरडे होते. खिडकीखाली नदीच्या पात्रात शेळ्या चरत होत्या.

"बाबा, व्हेअर इज द वॉटर?"

"सप्टेंबरात असतं."

"बट आय हॅव स्कूल इन सप्टेंबर."

"हो," मी म्हणालो.

वर आलो तेव्हा आईनं विचारलं, "आत गार लागतं का रे अजून?"

"लागतं," मी म्हणालो आणि तिला उठायला हात दिला.